शेवटचं टिंब

दुपारी गच्चीत कपडे काढायला गेलो तर कठड्यावर तो. शेपटी वर-खाली, वर-खाली. करडा धोबी, थंडीपुरता येणारा पक्षी. पाठ करडी म्हणून नाव करडा, पोट मात्र पिवळंधमक. नाव ठेवणाऱ्याने बहुधा त्याला पाठमोराच पाहिला असावा. कपडे दोरीवर तसेच टाकून मी खाली धावलो, वहीत तारीख घालायला.

ही माझी जुनी खोड. दर सप्टेंबरात एक ओळ: धोबी आला, अमुक तारीख. नियम एकच, मी स्वतः पाहिला पाहिजे. ‘अहो, चार दिवस झाले की, रोज दिसतोय,’ असं कुणी म्हटलं की मला मनापासून राग येतो. तुमचा तुम्हाला लखलाभ. माझा आज आला.

आल्याची तारीख सोपी. गेल्याची कठीण. दहा-अकरा वर्षांचा असताना ती पकडायचीच, असा मी चंग बांधला होता. धोबी दिसला की कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीने टिंब. मार्चभर टिंबं ओळीत. एप्रिलात एक टिंब, दोन चौकोन कोरे, पुन्हा टिंब. मग कोरे, कोरेच. आईने पान उलटलं तेव्हा मी भांडलो, ‘थांब ना, अजून नक्की झालेलं नाही!’ शेवटचं टिंब दिलं तेव्हा तोंडात ब्रश होता. खिडकीतून शेपटी हललेली दिसली, टिंब दिलं, चूळ भरायला गेलो. शेवटचं म्हणून बघायचं असतं हे त्या वेळी कुठे ठाऊक होतं?

पक्षी जातात कुठे, यात भल्याभल्यांची फसगत झाली आहे. ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलं की काही भिंगऱ्या हिवाळ्यात बिळांत दडून बसतात, आणि लोकांनी ते शेकडो वर्षं मानलं. १८२२ साली जर्मनीत एक करकोचा सापडला, मानेत आफ्रिकेतला भाला आरपार. तो तसाच उडत आला होता. (आमची मान नुसती अवघडली तरी आम्ही रजा टाकतो.) दडून बसण्याची गोष्ट त्यानंतर लंगडी पडली.

निघायची वेळ पक्ष्यांना अंगातल्या घड्याळावरून आणि दिवसाच्या लांबीवरून कळते. पिंजऱ्यातले स्थलांतरी पक्षीसुद्धा तो काळ आला की रात्र रात्र फडफडतात, बहुतेकदा जायच्या दिशेलाच तोंड करून. थंडी-ऊन मागेपुढे होईल, दिवसाची लांबी काही दगा देत नाही. आणि नेमकं तिथेच आता बिनसतंय. पश्चिम आफ्रिकेतून नेदरलँड्सला जाणारा एक चिमुकला माशीमार आपल्या ठरल्या वेळी निघतो. तिकडे उष्मा वाढल्याने अळ्यांचा हंगाम अलीकडे सरकलाय. हा पोचून, घरटं करून, अंडी उबवेपर्यंत अळ्या सरत आलेल्या, आणि पिल्लांच्या चोची उघड्या. काही जंगलांतून तो जवळजवळ दिसेनासाच झाला. उशीर झाला म्हणावं, तर तो वेळेवरच आला होता.

माझ्या वहीत ‘गेला’ असाही एक रकाना आहे. आखताना फार हौसेने आखला होता. सगळा कोरा.

संध्याकाळी पाऊस आला. कपडे गच्चीतच होते.