वर्गणी

शुक्रवार, रात्र

मायोर्दोमो, म्हणजे इथल्या स्पॅनिश गावच्या फिएस्ताचे (जत्रेचे) कारभारी, आज आमच्या गल्लीत येऊन गेले. वरच्या कारंज्यापासून सुरुवात करून खाली धुण्याच्या हौदापर्यंत एकेक दार वाजवत गेले. आमचं सोडून.

मी घरातच होते. खिडकी उघडी, रेडिओ चालू, दारातला मण्यांचा पडदा बाजूला सारलेला. घरात माणूस आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. वीसची नोट ओट्यावर खलबत्त्याखाली दाबून ठेवली होती, कारण फिएस्ताचे पैसे गोळा करायला या आठवड्यात येणार हे ब्रेडच्या गाडीपाशी ऐकलं होतं. तिघं होते. एकाकडे वही, एकाकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा, तिसरा नुसताच बोलायला. शेजारच्या दारात थांबले, हसले, डब्यात नाणी वाजली, आणि मग पावलं आमच्या दारावरून पुढे गेली. क्षणभर अडखळली असं मला वाटलं. नसतीलही.

ह्याला सांगितलं तर म्हणाला, बरं झालं की, वीस युरो वाचले. आणि हेडफोन लावून परत मीटिंगला. ह्याच्याशी या विषयावर बोलण्यात अर्थ नाही. तसा बऱ्याच विषयांवर नाही. असो.

गंमत म्हणजे पुण्यात वर्गणीवाली पोरं जिन्यात दिसली की बाबा ट्यूब बंद करायचे. "घरात मोठं कोणी नाहीये" हे दाराआडून मला सांगायला लावायचे. आवाज न चिरकता खोटं कसं बोलायचं हे मी त्या जिन्यात शिकले. मोठी झाल्यावर पावतीपुस्तकाशी घासाघीसही केली. मागच्या वर्षीपेक्षा पन्नास तरी वाढवा ताई, अरे पण मागच्या वर्षीच जास्त दिले होते, वगैरे. आणि आज तीच मी दारात नोट घेऊन बसले होते, कोणी मागेना म्हणून गळा दाटून.

मागितलं का नाही? विसरले म्हणावं तर लागून दार आहे. ऑगस्टात आम्ही इथे नसतो असं वाटलं म्हणावं तर त्यातल्या वहीवाल्यानं मला गेले पंधरा दिवस रोज शिडीवर चढलेली पाहिलंय. फिएस्ताच्या आधी सगळे घराचा दर्शनी भाग चुन्यानं पांढरा करतात, म्हणून मीही केला. भिजवलेला चुना बादलीत, त्यात मूठभर मीठ, लांब दांड्याचा ब्रश. लावताना इतका पातळ की भिंत नुसती ओली झाल्यासारखी दिसते, खालचे डाग तसेच. वाटतं, फुकट गेला दिवस. सकाळी उठून बघावं तर पांढरीशुभ्र. मग दुसरा हात, मग तिसरा. मनगटावर चुन्यानं भाजल्याचे दोन चट्टे अजून आहेत. कौतुक व्हावं म्हणून नव्हतं केलं. थोडं होतं. पण कौतुक राहू दे बाजूला, एखादं नाणं टाकण्याइतकं तरी गावात धरा!

झोंबतंय ते दुसरंच. गल्लीतली निम्मी घरं वर्षाचे अकरा महिने बंद असतात. त्यांचे आईबाप पन्नास-साठच्या दशकांत हा आल्पुहाराचा डोंगराळ भाग सोडून कातालोनियात गिरण्यांत, बांधकामावर गेले. पोरंबाळं तिकडेच जन्मली, तिकडेच शिकली, आणि ऑगस्टात हे बार्सिलोनाचे चाकरमानी गाड्या भरभरून येतात. पंधरा दिवस गल्लीत खुर्च्या मांडून बसतात आणि पहिल्या थंड वाऱ्याला पळतात. जानेवारीत पाइप गोठतात तेव्हा हे नसतात. ब्युटेनचा साडेबारा किलोचा नारिंगी सिलिंडर चढावर ओढत आणायचा असतो तेव्हा नसतात. असेकिया, म्हणजे पाण्याचे पाट, साफ करायला वसंतात हातात फावडं घेऊन कोण उतरतं? हा उतरला होता, पाठ धरून आठवडाभर आडवा होता. पण वहीत नाव त्यांचं.

इतकं मनाला का लागावं? परवा आम्ही बेर्चुलेस गावाला गेलो होतो, तिथे कोणी विचारलं नाही तरी काही वाटलं नाही. 1994 च्या थर्टीफर्स्टला तिथली वीज गेली, नवीन वर्ष अंधारात गेलं, तेव्हापासून ते लोक ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी नवीन वर्ष साजरं करतात. भर उन्हाळ्यात, घामाघूम होऊन, घड्याळाच्या बारा ठोक्यांवर बारा द्राक्षं. कुठकुठची माणसं येतात. त्या गर्दीत सगळेच पाहुणे, म्हणून मीही मजेत. अनोळखी माणसानं मिठी मारली तरी चालली. इथे ओळखीच्या माणसानं दार वाजवलं नाही तर चालत नाही. मला नक्की काय हवंय ते मलाच कळत नाहीये.

आणि गावकरी तरी कुठले इथले? 1568 मध्ये मोरिस्को लोकांनी, म्हणजे सक्तीनं ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांनी, राजाविरुद्ध बंड केलं, ते चिरडलं, मग सगळ्यांना इथून हाकललं आणि रिकाम्या गावांत उत्तरेकडून, गालिसिया-लिऑनकडून माणसं आणून वसवली. खालचे आजोबा सांगतात की प्रत्येक गावात दोन मोरिस्को कुटुंबं ठेवून घेतली होती, पाण्याचे पाट कसे चालवायचे ते नव्यांना शिकवायला. खरं असो नसो, गोष्ट मला आवडते. म्हणजे हे सगळे साडेचारशे वर्षांपूर्वीचे उपरे. त्या हिशेबानं आमचं दार कधी वाजेल ते काढता येईल.

नानांच्या पत्राला अजून उत्तर लिहिलेलं नाही. ते आज नकोच.

सोमवार

कळलं.

फिएस्ताचं छापील पुस्तक दाराखालून सरकवलेलं मिळालं. अर्धं जाहिरातींनी भरलेलं: हॅमवाला, बारवाला, टायरवाला. मध्ये कार्यक्रम. पहाटे बँड गल्लोगल्ली फिरणार, दुपारी चौकात सगळ्यांना पाएया, रात्री बारानंतर वर्बेना, म्हणजे चौकातला नाच. शेवटच्या पानावर वर्गणीदारांची यादी. गावात आडनावांनी कोणाला कोणी ओळखत नाही, म्हणून यादी घरांच्या टोपणनावांनी. मी बोट फिरवत गेले, आमचं नसणारच हे माहीत असूनही. आणि होतं. गिरणीवाल्याचं घर, 20 युरो.

गिरणीवाला गेला त्याला वर्षं झाली. घर आम्ही त्याच्या मुलीकडून घेतलं.

तशीच खाली आजोबांकडे गेले. ते दारात बसून वाटाण्याच्या शेंगांसारखं काहीतरी सोलत होते. "अगं इहा (पोरी)," म्हणाले, "तुमच्या घराचे आले ना! मुलीनं जुलैतच फोनवरून बिझुम केले. दरवर्षी करते. एका घराचे दोनदा कसे मागायचे?"

शुक्रवारचं सगळं दुखणं एका वाक्यात संपलं. घरी येईपर्यंत, म्हणजे अठरा पायऱ्या चढेपर्यंत, दुसरं सुरू झालं. तुमच्या घराचे! नोटरीपुढे सह्या आम्ही केल्या. घरपट्टी दरवर्षी आमच्या खात्यातून जाते. नगरपालिकेच्या पादरोनमध्ये रहिवासी म्हणून नाव माझं. म्हणजे सरकारदरबारी घर आमचं आणि देवदरबारी तिचं. मी चुना लावायचा आणि तिनं बार्सिलोनात सोफ्यावर बसून फोनवर अंगठा दाबायचा.

ह्याला सांगितलं तर हसत सुटला. म्हणाला, वीस युरो खरंच वाचले की. मला आधी राग आला. मग मीही हसले, कारण त्या नोटेचं मी शनिवारीच चीज आणलं होतं.

गुरुवार, दुपार

काल मिरवणुकीच्या वेळी गिरणीवाल्याची मुलगी भेटली. मूर्ती खांद्यावर घेऊन माणसं आमच्या गल्लीच्या तोंडाशी वळतात, तिथे वळण इतकं अरुंद आहे की सगळ्यांना थांबून एकेक पाऊल मागेपुढे करावं लागतं. त्या खोळंब्यात ती माझ्या शेजारी. भिंतीकडे बघून म्हणाली, चांगला बसलाय चुना, मीठ घातलंस ना. वर्गणीचा विषय मी काढणार होते, काय बोलायचं ते रात्री घोकलंही होतं. ते सगळं बाजूला राहिलं आणि मी तिला आत ये म्हटलं.

आत आली ती थेट स्वयंपाकघरात, फडताळाशेजारच्या कोपऱ्यात. वर बघितलं. "इथे गळतं ना अजून?"

गळतं. पावसाळी दिवसांत तिथे मी पातेलं ठेवते. मला वाटायचं हे दुखणं आपल्या वेळचं, आपल्यालाच छत सांभाळता येत नाही. ती म्हणाली, बाबा होते तेव्हाही गळायचं, तिच्या आजोबांच्या वेळीही. त्या कोपऱ्यात कायम पातेलंच. निळं होतं, इनॅमलचं.

आमचं छत इथल्या पद्धतीचं, सपाट. चेस्टनटच्या तुळया, त्यावर दगडी लाद्या, त्यावर लाऊना. ही निळसर करडी माती डोंगरातच मिळते. कोरडी असताना बोटांत भुसभुशीत चुरते, किंचित चमकते. पाणी लागलं की फुगून घट्ट बसते आणि पाणी आत जाऊ देत नाही. उन्हाळ्यात भेगा पडतात, म्हणून पावसाआधी नवी घालायची आणि पायानं दाबायची. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला बार्शीकडचं आजोळ आठवलं होतं. तिथल्या माळवदावर मृगाआधी पांढरी माती टाकायचे, मामा अनवाणी तुडवायचे आणि आम्हां पोरांना वर यायची बंदी. नंतर मामांनी स्लॅब टाकला. इथेही एक मिस्त्री सिमेंट घालू म्हणाला होता, पण खालच्या आजोबांनी त्याला परस्पर हाकललं. वजनानं तुळया वाकतात, आत ओल अडकून लाकूड कुजतं.

हे सगळं ती मला परत सांगत होती आणि मी, माहीत असूनही, ऐकत होते. शेवटी म्हणाली, लाऊना उतरत्या चंद्रातच घाल हं, बाबा दुसऱ्या कशात घालायचे नाहीत, चढत्या चंद्रात घातलेली पाणी अडवत नाही. मग जाता जाता, जणू आत्ताच सुचल्यासारखं: पुढच्या वर्षीपासून फिएस्ताचे निम्मे-निम्मे भरूया का? मी हो म्हटलं. खरं तर पूर्ण मीच भरते म्हणायला हवं होतं की काय, यावर कालपासून विचार करतेय. पण तिचा चेहरा बघून म्हणवेना. यादीत नाव कोणाचं टाकायचं हे दोघींनीही काढलं नाही.

आज ताईनं पाठवलेलं कालनिर्णय उतरवून बघितलं. तिथी भारताच्या वेळेच्या आहेत, पण साडेतीन तासांनी मातीला काय फरक पडतो. फिएस्ता आवरेपर्यंत हा पंधरवडा सरेल, मग शुक्ल पक्ष, गणपती-गौरी (आईला यंदा येते म्हटलं होतं). त्यापुढे चंद्र उतरणार तो थेट पितृपक्षात. म्हणजे इथल्या शास्त्राप्रमाणे छताचा मुहूर्त अगदी योग्य आणि आईच्या शास्त्राप्रमाणे पंधरा दिवस कशालाच हात लावायचा नाही. त्याच्या पुढच्या उतरत्या चंद्रापर्यंत थांबलं तर ऑक्टोबरचा पाऊस गाठणार.

दुरुस्ती म्हणजे काही नवीन काम नव्हे, असं मी ठरवून टाकलंय. आईला विचारणार नाही. किती पोती लागतील ते आजोबा वर चढून सांगणार आहेत, पण आज नको म्हणाले. वर्बेनाचा बँड पहाटे सहापर्यंत वाजत होता आणि शिडी धरणारे दोघेही अजून झोपलेले आहेत.