आमची वाटचाल : बारा चड्ड्यांपासून

जानेवारी 1982 मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आमचे हे घरी बसले. लालबागच्या दहा बाय दहाच्या खोलीत माझं माहेरचं उषाचं पायमशीन तेवढं चालू राहिलं. आधी ब्लाउज, परकर. मग चाळीतल्या कबड्डीच्या पोरांना स्पर्धेसाठी एकसारख्या चड्ड्या हव्या झाल्या आणि दुकानातल्या परवडेनात. खेळणारे 7, राखीव 5, अशा बारा चड्ड्या मी टेरिकॉटच्या शिवल्या.

पहिल्याच सामन्यात चढाईत लांब पाय टाकताना एकाची सीट उसवली. अख्खं मैदान हसलं.

संध्याकाळी संघाचे मास्तर ती चड्डी घेऊन दारात उभे. मला वाटलं, पैसे परत मागणार. त्यांनी चाळीच्या गॅलरीतच पाय फाकून दाखवला, "वहिनी, पाय एवढा जातो. त्या मापाने शिवा." माझी चूक तेव्हा कळली. चारही शिवणी एका टोकाला भेटत होत्या आणि सगळा ताण त्या टोकावर येत होता. आपल्या साध्या लेंग्याला दोन पायांच्या मध्ये जोडलेला तुकडा, मियानी, असते ना, तीच मी चड्डीला बसवली. चार इंचांचा चौकोन, तिरका, दुहेरी शिलाईचा. मास्तरांनी नवी चड्डी घालून गॅलरीतच दोन चढाया केल्या. शेजारणी अजून ते सांगतात.

मधली तीस वर्षं शिवण्यात गेली.

2014 ला टीव्हीवर प्रो कबड्डी आली आणि पोरांना तशाच अंगाबरोबरच्या, ताणणाऱ्या कापडाच्या पँटी हव्या झाल्या. मी ओव्हरलॉक मशीन कर्जावर घेतलं, मंगलदास मार्केटमधून ताके उधारीवर उचलले. त्याच महिन्यात माझा कटिंगवाला गेला. नुसता गेला नाही. भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेले माझे कापड बेतायचे खाकी कागदाचे फर्मे, अठ्ठावीसपासून चाळीसपर्यंतच्या मापांचे, घेऊन गेला. दोन गल्ल्या पलीकडे त्याने दुकान टाकलं आणि माझ्याच गिऱ्हाइकांना नगामागे पंधरा रुपये कमी सांगितले. मी त्याला काज करण्यापासून शिकवलं होतं. त्याच्या मुलीच्या बारशाचं झबलंही माझ्या मशीनवरचं. असो. असो म्हणते खरी, पण त्या गल्लीतून मी आजही जात नाही.

त्यात साठ पँटींचं काम आलं आणि मी घाईत त्या ताणणाऱ्या कापडावर, लायक्रावर, साधीच सुई चालवली. सुई धाग्यांमधून सरकायच्या ऐवजी धागाच टोचत होती आणि मध्येमध्ये टाके सुटत होते. मशीन विकणाऱ्याने सांगायला हवं होतं, पण विचारलं मीही नाही. साठच्या साठ पँटी उसवल्या. ऑर्डर गेली, कापडवाल्याचे फोन सुरू झाले, एक मशीन विकलं. गणपतीत घरी मोदक झाले नाहीत, एवढं सांगितलं की पुरे.

तेव्हा मास्तर जिने चढून आले आणि बारा पँटींचे पैसे आगाऊ देऊन गेले. त्या महिन्यात एकही स्पर्धा नव्हती. त्या पँटी कुणी घातल्या, हे मी अजून त्यांना विचारलेलं नाही.

घरी आपल्या संघाच्या पँटी शिवणाऱ्यांना सांगते. कापड दोन्ही बाजूंना ओढून बघा. जास्त ताण कमरेभोवती आला पाहिजे, उभा नाही. ताण देणाऱ्या कापडाला गोल टोकाची बॉलपॉइंट सुईच लावा. सरळ शिलाई पाय फाकला की तटकन तुटते, म्हणून ओव्हरलॉक नसेल तर बारीक झिगझॅग मारा. इलास्टिकची दोन टोकं आधी एकमेकांना जोडून घ्या, त्याचे आणि कमरेचे चार-चार भाग करून खुणा जुळवा, नाहीतर चुण्या एकाच बाजूला गोळा होतात. सुती कापड असेल तर पाण्यातून काढल्याशिवाय कात्री लावू नका. आणि फर्मे कपाटात ठेवा. कुलूप लावून.

आमच्या त्या माजी कारागिराचं दुकान चालतं. कापड वाचवायला तो फर्मे आडवे टाकतो, त्यामुळे ताण उलटा येतो आणि दोन-तीन सामन्यांत सीट बोलते. त्याच्या पँटी पोरं माझ्याकडे आणतात. मी मियानी बसवून देते. पंधरा रुपये जास्त घेते.