तुम्ही विचारलंत म्हणून: आपसात झाला, म्हणजे सोपा झाला का?

माझा घटस्फोट परस्पर संमतीने झाला हे कळले की समोरच्या माणसाचा चेहरा जरा सैल होतो. "आपसातच मिटलं ना? मग फार त्रास नसेल झाला," असे कोणीतरी म्हणतेच. अलीकडे मात्र हाच प्रश्न निराळ्या हेतूने येऊ लागला आहे. ऑफिसातली एखादी सहकारी, मुलाच्या शाळेच्या फाटकाशी भेटणारी एखादी आई किंवा घणसोलीहून ठाण्याला येताना लोकलमध्ये शेजारी बसलेली अर्धवट ओळखीची बाई आवाज खाली आणून विचारते, "आपसात करायचा तर काय काय करावं लागतं, आणि ते खरंच सोपं असतं का?" दोन स्थानकांच्या अंतरात याचे उत्तर मावत नाही, म्हणून लिहिते आहे.

कायद्याचा सांगाडा छोटा आहे. हिंदू विवाह कायदा 1955 चा असला, तरी परस्पर संमतीची सोय त्यात 1976 च्या दुरुस्तीने, कलम 13-ब म्हणून आली. अर्ज दोघांनी मिळून करायचा आणि त्यात तीन गोष्टी सांगायच्या: आम्ही किमान एक वर्ष वेगळे राहत आहोत, एकत्र नांदणे आम्हाला जमलेले नाही आणि हा विवाह संपवावा यावर आमचे एकमत आहे. त्यानंतर किमान 6 महिने थांबून, पण 18 महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा न्यायाधीशांसमोर तेच सांगायचे. विशेष विवाह कायद्याखाली लग्न झालेल्यांसाठी अशीच तरतूद कलम 28 मध्ये आहे.

यातल्या "वेगळे राहणे" या शब्दांनी मला बरेच दिवस झोप लागू दिली नव्हती. 2021 च्या डिसेंबरात आमचे ठरले, पण पुढचे आठ महिने आम्ही ऐरोलीच्या त्याच वन बीएचकेमध्ये होतो. तो हॉलमध्ये आणि मुलगा व मी आत. दुसऱ्या भाड्याच्या घराची अनामत रक्कम हाताशी नव्हती. हे आठ महिने वाया गेले असे मी धरून चालले होते. वकीलबाईंनी समजावले की वेगळे राहणे म्हणजे पती-पत्नी म्हणून न राहणे, छप्पर एक असले तरी चालते, आणि सर्वोच्च न्यायालयाने हे 1991 मध्येच सांगून ठेवले आहे. त्या दिवशी मला जो सुटकेचा श्वास आला, त्याची नंतर लाजही वाटली.

खरे काम अर्जात नसतेच, ते कन्सेंट टर्म्समध्ये असते, म्हणजे संमतीच्या अटींच्या कागदात. भांडण नसलेल्या जोडप्यांचा आपसात घटस्फोट होतो असा समज आहे. माझ्या अनुभवाने सांगते, आम्ही भांडण संपवले नव्हते, ते कलमवार लिहून काढले होते.

त्यात सर्वांत जास्त वेळ गणपतीच्या कलमाने खाल्ला. त्याच्या गावी, संगमेश्वरजवळ, गौरी-गणपती असतो आणि मुलाने तिथे जावे याबद्दल आमचे दुमत नव्हते. वकिलांच्या मदतनीस मुलाने आदल्या वर्षीच्या कॅलेंडरवरून टाइप करून आणले: "दरवर्षी 30 ऑगस्टपासून मुलाचा ताबा वडिलांकडे राहील." मी वाचता वाचता थांबले. 2022 मध्ये चतुर्थी 31 ऑगस्टला होती हे खरे, पण 2023 मध्ये अधिक श्रावणामुळे ती 19 सप्टेंबरला येणार होती. तारीख लिहून उपयोग नव्हता, तिथी लिहायला हवी होती. मग मी पेनाने दुरुस्ती केली: "भाद्रपद शुद्ध तृतीयेस सायंकाळी 6 वाजता." लिहून झाल्यावर लक्षात आले की ती हरितालिका. लग्नानंतर नऊ वर्षे मी त्या दिवशी पाणीही न पिता उपास केला होता. कागदाकडे पाहून त्याच्याही ते ध्यानात आले असावे, पण तो एवढेच म्हणाला, "तृतीयेला संध्याकाळी निघालो तर चतुर्थी माणगावच्या ट्रॅफिकमध्येच उजाडेल, द्वितीया कर." मी द्वितीया केली. परतीसाठी "गौरी-विसर्जनाचा दुसरा दिवस" असे ठरले. एवढ्या चार ओळींना आम्हाला तीन बैठका लागल्या, आणि प्रत्येक बैठकीचा निम्मा वेळ गणपतीशी संबंध नसलेल्या जुन्या उखाळ्यापाखाळ्यांत गेला.

पैशांबाबत माझी चूक झाली होती, ती सांगायला हवी. "मला त्याचा एक रुपया नको," असे मी पहिल्याच भेटीत ठणकावून सांगितले. तो स्वाभिमान नव्हता, लवकर सुटण्याची घाई होती. वकीलबाईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, "तुमचं तुम्ही सोडा, पण मुलाची पोटगी हा मुलाचा हक्क आहे, तो सोडणाऱ्या तुम्ही कोण?" मग शाळेची फी, क्लास आणि दवाखाना यांचा वर्षभराचा हिशेब मी बसून काढला. पोटगीचा वाद न्यायालयात गेला तर 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचे शपथपत्र द्यावे लागते. आपसात करतानाही त्या नमुन्यातले रकाने समोर ठेवून बोलणी करावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. आकडे समोर असले की टोमण्यांना जागा कमी उरते.

फ्लॅटचे मात्र कोणी आधी सांगत नाही. घर त्याने ठेवायचे आणि हप्ते त्यानेच भरायचे असे अटींत लिहिले, म्हणून बँकेच्या लेखी माझे नाव पुसले जात नाही. कर्ज दोघांनी घेतलेले असते आणि बँक त्या कागदावर सही करणारी नसते. एकट्याच्या पगारावर कर्ज पेलते अशी तिची खात्री पटेपर्यंत थकलेला हप्ता माझ्याही खात्यावर दिसणार. शिवाय नवी मुंबईत सिडकोच्या भाडेपट्ट्यावरचे घर असेल, तर हक्कसोडपत्राबरोबर सिडकोकडचे हस्तांतरणही पाहावे लागते. हे सोपस्कार कोण करणार आणि खर्च कोणाचा, हे अटींतच लिहून घ्यावे.

आमचा अर्ज मार्च 2023 मध्ये दाखल झाला. सहा महिन्यांची अट न्यायालय शिथिल करू शकते असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितले आहे, पण त्यासाठी पहिल्या अर्जाआधीच दीड वर्ष वेगळे राहणे वगैरे गोष्टी पाहिल्या जातात. आम्ही सव्वा वर्षच वेगळे होतो. म्हणून थांबलो. आणि नेमक्या त्या थांबण्यात गणपती आले.

तोवर मी ऐरोली सोडून घणसोलीला भाड्याने राहत होते. द्वितीयेला मुलगा गेला, आणि चतुर्थीच्या सकाळी शेजारच्या घरातली आरती भिंतीतून ऐकू येत असताना मी वकीलबाईंना फोन केला: संमती मागे घेता येते का? त्या म्हणाल्या, येते. हुकूमनामा, म्हणजे घटस्फोटाचा अंतिम आदेश, होईपर्यंत दोघांपैकी कोणालाही घेता येते. त्यांनी कारण विचारले नाही. गौरी जाऊ द्या, मग बोलू, एवढेच म्हणाल्या. ते पाच दिवस मी अर्ज मागे घेण्याची वाक्ये मनात जुळवत काढले.

ठरल्या दिवशी संध्याकाळी तो मुलाला सोडायला आला. हातात त्याच्या आईने दिलेला करंज्यांचा डबा होता. मी त्याला आत बोलावले, पाणी दिले. दोन मिनिटांत बँकेच्या एका फॉर्मवरून विषय निघाला, माझा आवाज चढला, त्याचा चढला, आणि मुलाने काही न बोलता पिशवी ठेवली, रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज वाढवत नेला. ऐरोलीच्या घरात तो हेच करायचा. आम्ही दोघेही एकदम गप्प झालो. तो उठला, चपला घालताना म्हणाला, "तारीख लक्षात आहे ना?" मी हो म्हटले.

त्या तारखेला न्यायाधीशांनी मला विचारले, संमती कोणाच्या दबावाखाली दिली आहे का? मी नाही म्हणाले.