तुम्ही विचारलंत म्हणून: हॉस्टेलच्या मुलांच्या बॉक्समध्ये काय काय घालता?

जून लागला की ठाण्यातल्या आमच्या धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या पॅरिशमध्ये, हा प्रश्न हमखास येतो. कधी शेजारच्या चर्चमधून, कधी एखाद्या सोसायटीच्या महिला मंडळाकडून: "कॉलेजच्या मुलांना ते बॉक्स पाठवता ना, त्याची यादी द्या." यादी पुढे दिली आहे, वजनांसकट. पण नुसती यादी हातात घेऊन बाजारात गेलात तर बॉक्स फसेल. सुरुवात मुलाच्या खोलीपासून करायची. तिथे किटली चालते का? कपाटाला स्वतःचं कुलूप लावावं लागतं का? मेसमध्ये रोज भात असतो का? गेटवर पार्सल कोण घेतं? हे कळल्यावर निम्मी यादी आपोआप ठरते.

म्हणून आधी फॉर्म. मुलं दोन प्रकारची असतात. आपल्याच घरांतली, पुण्याला, बंगळुरूला, मणिपालला गेलेली. आणि बाहेरगावाहून शिकायला येऊन खारघर, नेरुळ, ऐरोलीला हॉस्टेलमध्ये किंवा पीजीत राहणारी, रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, मागच्या बाकावर बसून निघून जाणारी. दोघांनाही तेच सात प्रश्न: किटली, कुलूप, मेस, शेंगदाण्याची किंवा दुसरी कसली अ‍ॅलर्जी, अंडं चालतं का, परीक्षा कधी सुरू होते, पार्सल कोणत्या वेळेत घेता येईल. मुलींना शिवाय सॅनिटरी पॅडची साईझ. फॉर्म मुलानेच भरायचा, आईने नाही. आई मुलगा दहावीत असताना त्याला काय आवडायचं ते लिहिते, आणि किटलीच्या रकान्यात "घेऊन देऊ" असं लिहिते. हॉस्टेलच्या नियमात किटली बसत नसेल तर घेऊन देण्याचा काही उपयोग नसतो.

दुसरी गोष्ट, जिच्याबाबत आम्ही कधीच तडजोड करत नाही: सगळ्यांचा बॉक्स सारखा. ज्याची फी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी (गरजूंना मदत करणारी चर्चमधली संस्था) भरते त्याचा आणि ज्याचे वडील गल्फमध्ये आहेत त्याचाही. गरजूंचा बॉक्स वेगळा केला, थोडा जास्त भरला, की हॉलमध्ये भरणाऱ्या वीस जणांना त्याचं नाव कळतं. जास्तीची मदत द्यायची असेल तर ती सोसायटीने परस्पर, शांतपणे द्यावी. ही सोसायटी १८३३ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झाली ती कॉलेजच्या विद्यार्थ्यांनीच. त्यांचा पुढारी फ्रेडरिक ओझानम तेव्हा वीस वर्षांचा होता. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९७ मध्ये ओझानम यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, त्यांचा सण ९ सप्टेंबरला येतो. विद्यार्थ्याला फक्त घेणारा समजू नये, हे त्या इतिहासातून आम्ही घेतलं. म्हणून नवी मुंबईत राहणारी मुलं जमेल तशी बॉक्स भरायलाही येतात.

आता यादी. किटली चालते अशा मुलाचा बॉक्स: पातळ पोह्यांचा चिवडा ४०० ग्रॅम, दाण्याचे लाडू १२, प्रत्येकी ३० ग्रॅम, डब्यात, शेंगदाण्याची चटणी १५० ग्रॅम, मेतकूट १०० ग्रॅम, सीलबंद खजूर २५० ग्रॅम, उपम्याच्या तयार मिश्रणाच्या ८० ग्रॅमच्या चार पुड्या, बॉटल मसाला ५० ग्रॅम, ओआरएसची एक लिटरवाली तीन पाकिटं, एक पाकीट एक लिटर पाण्याला असं ठळक लिहून. शिवाय एक कापडी पिशवी: छोटं कुलूप, पाच मीटर नायलॉनची दोरी, कपड्यांचे बारा चिमटे, सुई-दोरा, सेफ्टी पिना, दोन पेनं, बँड-एड. मुलींना सॅनिटरी पॅड, फॉर्ममध्ये विचारलेल्या साईझचे. ते वर्तमानपत्रात गुंडाळून लपवू नका, पेनासारखेच ठेवा. किटली चालत नसेल तर उपम्याच्या जागी २०० ग्रॅम फुटाणे आणि १२० ग्रॅम राजगिऱ्याची चिक्की. वजन मुद्दाम तेवढंच ठेवलं आहे, कारण पुढे सगळं काम वजनावर चालतं.

चटणी आणि मेतकूट मेसच्या जेवणासाठी आहेत. वरण पाणीदार असलं तरी भातावर मेतकूट आणि दही घेतलं की दोन घास जास्त जातात. बॉटल मसाला हे ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या मूळच्या ख्रिस्ती घरांचं देणं. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, सगळे मसाले एकेक भाजून, कुटून तो वर्षभरासाठी गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरतात, नाव त्यावरूनच पडलं. हॉस्टेलमध्ये तो नूडल्सवर, उकडलेल्या अंड्यावर चिमूटभर पुरतो. पाठवताना मात्र बाटली नको. काच फुटली तर सगळा बॉक्स गेला. दोन पाऊच एकात एक घालायचे, कारण त्याचा रंग एका पाऊचमधून बाहेर येतो आणि खजुराच्या पाकिटालाही लागतो.

चिवडा सर्वांत जास्त बिघडतो, त्यामुळे त्यावर थोडं जास्त लिहितो. पावसाळ्यात पोहे उन्हात तापवता येत नाहीत, तेव्हा मंद आचेवर कढईत थोडे थोडे भाजायचे. चिमटीत धरून चुरडला तर पोहा कडकन मोडला पाहिजे, वाकला तर अजून भाजायचा. कढीपत्ता फोडणीत काचेसारखा कुरकुरीत होईपर्यंत. एकही पान मऊ राहिलं तर त्यातला ओलावा अख्ख्या पाऊचमध्ये पसरतो. हिरवी मिरची टाळा, सुकी लाल घाला. पिठीसाखर पावसाळ्यात नको, ती हवेतलं पाणी ओढते. सुक्या खोबऱ्याचे कापही नकोत, सर्वांत आधी खवट होतात ते तेच. त्याऐवजी डाळं वाढवा. आणि चिवडा पूर्ण गार होऊ द्या: कागदावर पसरून, पंख्याखाली, निदान तीन तास. वरून गार लागतो, पण ढिगाच्या पोटात हात घातला की ऊब असते. तसाच सील केला तर पाऊचच्या आत दव धरतं आणि आठव्या दिवशी मुलाच्या हातात मऊ चिवडा पडतो.

उपम्याचं प्रमाण: बारीक रवा १ किलो, तेल १२० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम, फोडणीतली उडीद डाळ आणि काजू मिळून ८० ग्रॅम, आणि लिंबाऐवजी चिमूटभर लिंबूसत्त्व. यात ८० ग्रॅमच्या पंधरा पुड्या होतात. चाळीस बॉक्सच्या १६० पुड्यांना ११ किलो रवा पुरतो. जाड रवा घेऊ नका. तो उकळत्या पाण्यात नुसता झाकून शिजत नाही, कचकच लागतो. पुडीवर कृती लिहायची: झाकणाच्या डब्यात २०० मिली उकळतं पाणी ओतून ढवळा, आठ मिनिटं झाका. पाऊच भरताना कागदाचं नरसाळं वापरा. तोंडाला तेलाचा हात लागला की हँड सीलरचा सील धरत नाही. तो दिसायला धरलेला असतो, म्हणून प्रत्येक पुडी दाबून बघायची.

काय नाही घ्यायचं, हे सांगणं जास्त अवघड जातं, कारण माणसं प्रेमाने आणतात. सुकटाची चटणी, सोडे: हॉस्टेल शाकाहारी असेल तर वॉर्डन बाहेर ठेवायला लावतो आणि मुलाला बोलणी बसतात. ओल्या नारळाचं काहीही, कारण दोन दिवसांत आंबतं. फुगे, म्हणजे आमच्याकडचे तळलेले गोल पाव, दुसऱ्याच दिवशी चिवट होतात. रममध्ये भिजवलेल्या सुक्या मेव्याचा केक टिकतो छान, पण दारूचा वास आलेला डबा हॉस्टेलच्या गेटवर कोणीही उघडून बघेल. नाताळात गोड पाठवायचं असेल तर कलकल (तळलेले छोटे गोड शंख) आणि पेरूचं चीज (पेरूची घट्ट वडी) पाठवा. दोन्ही टिकतात आणि खोलीतल्या चौघांत वाटता येतात. अंडं असलेल्या पदार्थावर तसं लिहा, रूममेट जैन असू शकतो. औषधांत ओआरएसपलीकडे काही नको. पॉवर बँक आणि डिओचा स्प्रे कुरिअरच्या विमानात चालत नाहीत.

आणि साबण. साबण, कपड्यांची पावडर, उदबत्ती, डांबरगोळ्या यांतलं काहीही खाण्याच्या वस्तूंसोबत नको. प्लॅस्टिक असलं तरी वास आरपार जातो, आणि तीन दिवस बंद बॉक्समध्ये राहिलेल्या लाडवाला साबणाची चव येते. साबण कुठल्याही गावात मिळतो.

वस्तू गोळा करताना "काहीतरी द्या" असं सांगितलं तर साठ टूथपेस्ट येतात आणि खजूर एकही येत नाही. प्रत्येक छोट्या ख्रिस्ती समूहाला (धर्मग्रामातल्या शेजारच्या घरांच्या गटाला) एकच वस्तू वाटून द्या, मापासकट: "खजूर, २५० ग्रॅम, सीलबंद, मुदत निदान तीन महिने." गोळा करणं भरण्याच्या दहा दिवस आधी थांबवायचं. कमी पडेल ते ठाण्याच्या जांभळी नाक्यावरच्या बाजारात मिळतं. पन्नासच्या वर बॉक्स असतील तर सुका मेवा आणि मसाल्यासाठी ट्रान्सहार्बर लोकलने तुर्भ्याला उतरून एपीएमसी या घाऊक बाजाराच्या मसाला मार्केटला जाणं परवडतं. शेंगदाणे, रवा तिथल्याच दाणाबंदरला, म्हणजे धान्यबाजारात घ्या. शेंगदाणे घेताना दोन तोंडात टाका. कडवट लागला तर पोतं कितीही स्वस्त असो, सोडा.

बॉक्स पाच प्लायचा (पुठ्ठ्याच्या पाच थरांचा), ३० बाय २५ बाय २० सेंटिमीटर. तीन प्लायचा ठाण्याच्या पावसाळी हवेत एका रात्रीत मऊ पडतो. आकारही महत्त्वाचा, कारण कुरिअरवाले बहुधा लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि ते वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त आलं तर त्याचेच पैसे लावतात. आमच्या मापाला हिशोब येतो ३ किलो. तेच सामान ४० बाय ३० बाय २५ च्या खोक्यात घातलं तर ६ किलोचे पैसे पडतील, आणि आत सामान हलून लाडूही फुटतील. बॉक्सच्या आतून एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी, सगळं सामान त्या पिशवीत. पत्ता मार्करने लिहून वरून पारदर्शक टेप, कारण इंकजेटची छपाई पहिल्या सरीत पसरते. पत्त्याची दुसरी चिठ्ठी आत. झाकणाच्या आतल्या बाजूला सामानाची यादी चिकटवा. वॉर्डनने उघडला तर यादी बघून बंद करतो, उचकत नाही. टेप दोन इंची, वर आणि खाली इंग्रजी एच अक्षरासारखी. बॉक्सला साधारण तीन मीटर लागते, साठ बॉक्सना ६५ मीटरचे तीन रोल.

भरण्याचा रविवार: सकाळच्या मिस्सानंतर हॉलमध्ये टेबलं यू आकारात. वस्तू हातोहात सरकवू नका. एका माणसाने एक बॉक्स घेऊन सगळ्या टेबलांवरून फिरायचं, त्यामुळे तो बॉक्स त्याचा होतो आणि काय राहिलं ते त्यालाच दिसतं. जड वस्तू खाली, लाडवाचा डबा मधोमध, चिवडा सर्वांत वर. प्रत्येक टेबलावर साठ बॉक्सना लागतील तेवढेच नग मोजून, सुटे ठेवायचेच नाहीत. शेवटी एखाद्या टेबलावर नग उरला तर कुठल्यातरी बॉक्समध्ये तो पडलेला नाही. तो शोधायला साठ बॉक्स उघडायची गरज नसते. टेप लावण्याआधी प्रत्येक बॉक्स काट्यावर ठेवायचा. आमचा भरलेला बॉक्स खोक्यासकट साधारण २ किलो ६०० ग्रॅम भरतो, पाऊच घरी भरलेले असल्याने वीसेक ग्रॅम इकडेतिकडे. पॅड असलेल्या बॉक्सचं वजन वेगळं, ते आधीच काढून ठेवायचं. काट्यावर १५० ग्रॅम कमी दिसले तर चटणी राहिली, १०० कमी तर मेतकूट, ८० कमी तर उपम्याची एक पुडी. ओआरएस मात्र वजनावर पकडता येत नाही, म्हणून तीन पाकिटं आधीच रबरबँडने बांधून ठेवावीत. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांचे बॉक्स शनिवारीच, वेगळ्या टेबलावर, धुतलेल्या हातांनी भरून बंद करावेत. त्यांत दाण्याऐवजी रवा-बेसनाचे लाडू, जवसाची चटणी, वर लाल पट्टी. भरलेले बॉक्स रात्री हॉलमध्ये ठेवावे लागले तर जमिनीवर नको, टेबलावर. उंदराला खोक्याबाहेरून लाडू कळतो.

तारीख परीक्षेवरून ठरवा: पहिल्या पेपरच्या तीन आठवडे आधी हातात पडावा. दिवाळीच्या सुट्टीत पोचलेला बॉक्स बंद हॉस्टेलच्या वॉचमनकडे पडून राहतो. गणपतीच्या दहा दिवसांत ठाण्यातून काही पाठवू नका, रस्तेही अडलेले आणि कुरिअरही. रवानगी सोमवारी सकाळी, म्हणजे मध्ये रविवार येत नाही.

नवी मुंबईतले बॉक्स हाताने द्यायचे. दोघांनी जायचं, आधी फोन, भेट गेटवर. खोलीत जाऊ नका, फोटो काढू नका. मुलगा बॉक्स घेतो, "थँक्यू आंटी" म्हणतो आणि जायला वळतो, तेव्हा लगेच निघू नका. दोन मिनिटं उभं राहिलं की तो मेसबद्दल, पेपरबद्दल आपणहून बोलतो. चर्चला का येत नाहीस, हे त्या गेटवर विचारायचं नाही.

कार्ड हाताने लिहिलेलं, नावासकट, चार-पाच ओळी. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुलं छान लिहितात, त्यांना फक्त सांगायचं की "खूप अभ्यास कर" लिहू नका, ते घरून रोज ऐकू येतं. "आमच्या बिल्डिंगखाली मांजरीला तीन पिल्लं झाली" हे चालेल.

बॉक्स पोचल्यावर पंधरा दिवसांनी प्रत्येकाला एकच प्रश्न पाठवा: काय उरलं? काय आवडलं असं विचारलं तर सगळेच सगळं आवडलं म्हणतात. उरलेल्याचं उत्तर मात्र खरं येतं. केरळच्या, ईशान्येकडच्या मुलांकडे मेतकूट उरतं, त्यांना पुढच्या वेळी त्याच वजनाचे भाजलेले काजू. पीजीत गॅस असलेल्यांकडे उपमा उरतो, त्यांना थालीपिठाची भाजणी. ती उत्तरं फॉर्मच्या वहीतच, त्या त्या नावासमोर लिहून ठेवायची, आणि जूनमध्ये नवे फॉर्म वाटायच्या आधी ती वही काढायची.