शेवटची पाटी

ऑपेरा चालू असताना रंगमंचाच्या वरच्या अरुंद काळ्या पट्टीवर शब्द उमटत राहतात. ते आपोआप उमटत नाहीत. प्रेक्षागृहाच्या मागे, काचेआडच्या खोलीत कुणीतरी स्वरलिपीचं पुस्तक उघडून बसलेलं असतं आणि ओळीमागून ओळीला बटण दाबत असतं. उत्तर इटलीतल्या एका लहान शहराच्या नाट्यगृहात ते काम मी करते. इथले लोक त्याला सोप्रातितोली म्हणतात, मी मनात पाट्याच म्हणते. माझ्या खोलीतून प्रेक्षकांचे चेहरे दिसत नाहीत, फक्त डोकी दिसतात. पाटी लागली की ती सगळी एकदम किंचित वर उचलली जातात आणि मग खाली येतात. शेतातल्या वाऱ्यासारखी ती हालचाल मला इतकी सवयीची झाली आहे की पाटी नीट लागली की नाही हे मी पट्टीकडे न पाहता डोक्यांवरूनच ओळखते.

त्या हंगामात ‘काव्हालेरिया रुस्तिकाना’ होतं. पिएत्रो मास्कान्यीचं, सत्तरेक मिनिटांचं, एका अंकाचं. पाट्या तयार करायला मला पाच आठवडे लागले. इटालियन ऑपेराला इटलीत इटालियन पाट्या कशाला, असं लोक विचारतात. एक तर गाताना शब्द ताणले जातात, दोन आवाज एकमेकांवर चढतात. आणि या ऑपेरात तर सुरुवातच अशी आहे, की इथल्या माणसालाही ती कळत नाही. पडदा बंद असतो, वाद्यवृंद मध्येच थांबतो, हार्प वाजू लागते आणि पडद्याआडून तुरिद्दू आपल्या जुन्या प्रेयसीसाठी, लोलासाठी, सिसिलीच्या बोलीत गातो: तुझी चोळी दुधासारखी, तू चेरीसारखी लालगोरी. आणि पुढे: तुझ्या दारात रक्त सांडलंय, तिथे मारला गेलो तरी मला फिकीर नाही, आणि मरून स्वर्गात गेलो नि तू तिथे नसलीस, तर मी आत पाऊलसुद्धा टाकणार नाही. संपूर्ण कथा त्या चार ओळींत सांगून झालेली असते, पडदा उघडण्याआधीच. दिग्दर्शकाला बंद पडद्यावर अक्षरं नको होती. मी हट्ट धरला आणि त्या पाट्या मिळवल्या.

हट्टाचं कारण होतं. ही सगळी कथा सुरू होते ती सक्तीच्या लष्करभरतीतून. 1861 मध्ये इटलीचं एक राज्य झालं आणि ज्या सिसिलीत तोवर सक्तीची भरती ठाऊक नव्हती, तिथल्या पोरांना वर्षानुवर्षं पलटणीत जावं लागलं. तुरिद्दू गेला. परत आला तेव्हा लोलाचं लग्न आल्फियो नावाच्या गाडीवानाशी झालेलं होतं. लेखक जोव्हान्नी व्हेर्गाने 1880 मध्ये ही गोष्ट लिहिली, अगदी थोड्या पानांची, एकही विशेषण वाया न घालवता. त्याच्या या लेखनपंथाचं नाव व्हेरिझ्मो, म्हणजे खऱ्याचा आग्रह: राजेराण्यांऐवजी गाडीवान, खाणावळवाली म्हातारी, गावाने वाळीत टाकलेली मुलगी. 1884 मध्ये या गोष्टीचं नाटक झालं, तुरीनला. त्यात सान्तुत्साचं, म्हणजे तुरिद्दूने नादी लावून सोडलेल्या त्या वाळीतल्या मुलीचं काम एलेओनोरा दूझे या अभिनेत्रीने केलं.

आणि मास्कान्यी! लिव्होर्नोच्या पाववाल्याचा मुलगा, मिलानच्या संगीतविद्यालयातून शिक्षण अर्धवट टाकून बाहेर पडलेला, फिरत्या ऑपेरेटा कंपन्यांत हाल काढून शेवटी दक्षिणेत चेरिन्योला गावात संगीत शिकवत बसलेला. प्रकाशक सोन्झोन्योने 1888 मध्ये एकअंकी ऑपेरांची स्पर्धा जाहीर केली, ते त्याला कळलं तेव्हा हातात दोनच महिने उरले होते. संहिता लिहिणारे त्याचे दोघे मित्र लिव्होर्नोत, हा चेरिन्योलात. पदं पोस्टकार्डांवरून यायची. 73 ऑपेरांमधून याचा निवडला गेला. 17 मे 1890 ला रोमच्या कोस्तान्झी नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला, तेव्हा तो 26 वर्षांचा होता. त्या रात्री लोकांनी त्याला पुन्हा पुन्हा रंगमंचावर बोलावलं. मला त्या पोस्टकार्डांचा विचार केला की अजून भरून येतं.

तर शेवटची पाटी. माझ्या पुस्तकात तिचा क्रमांक 231. लोला आणि तुरिद्दूचं पुन्हा जुळलंय हे आल्फियोला कळलेलं असतं, आणि ऑपेराच्या अखेरीस ते दोघे पुरुष सुरे घेऊन रंगमंचाबाहेर गेलेले असतात. झुंज दिसत नाही. दूरवरून एक बाई ओरडते, गात नाही, नुसती ओरडते: “आन्नो आम्मात्सातो कोम्पारे तुरिद्दू!” मग पुन्हा एकदा, जवळून. त्यानंतर वाद्यवृंद कोसळतो आणि पडदा.

या वाक्याला कर्ता नाही. कुणी मारलं ते ती सांगत नाही. मी पाट्या आधी मराठीत मनात घोळवते, मग इटालियन छाटते, मग इंग्रजी बेतते. ही सवय सांगलीहून आणलेली. मराठीत हे वाक्य लगेच उभं राहिलं: “तुरिद्दूला मारलं!” मराठीला इथे कर्ता लागतच नाही. इंग्रजीत मात्र तो कुठून तरी आणावा लागतो, नाहीतर वाक्य पोलिसांच्या अहवालासारखं होतं. आणि ‘कोम्पारे’? एकमेकांच्या मुलांचे बाप्तिस्म्याला धर्मपिता झालेले ते कोम्पारे; आणि गावात मग सगळेच पुरुष एकमेकांचे कोम्पारे. आपली चूक कबूल करताना तुरिद्दू आल्फियोला कोम्पारेच म्हणतो. तुरिद्दू मिठी मारून आल्फियोचा कान चावतो, म्हणजे आव्हान पक्कं, तेव्हाही आल्फियो म्हणतो: कोम्पारे तुरिद्दू, बरोबर चावलात. खून ठरतो तोही नात्याच्या शब्दात. माझ्या इंग्रजी पाटीत हा शब्द गळला होता, आणि ते मला सतत खुपत होतं.

दिग्दर्शकाला 231 हवी होती, परदेशी प्रेक्षकांसाठी. मला नको होती. अर्धा सेकंद आधी लागली तर बाई ओरडण्याआधीच लोक वाचणार. अर्धा सेकंद उशिरा लागली तर नको तिथे डोकी वर जाणार. शेवटी ठरलं: दुसऱ्या ओरडण्यावर बटण.

पहिल्या प्रयोगाला सान्तुत्सा आणि तुरिद्दूचं भांडण रंगात आलं होतं. ईस्टरची सकाळ, सगळं गाव चर्चमध्ये. आणि वाळीत पडल्यामुळे सान्तुत्सा बाहेर. लोला गाणं गुणगुणत येते, टोमणा मारते, आत जाते. नेमकी तेव्हा पट्टी विझली. माझ्या संगणकावर सगळं ठीक, वर काळोख. हेडफोनवरून रंगमंच व्यवस्थापकाला सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या जोडणीत काहीतरी निखळलं होतं, तंत्रज्ञ शिडी चढला.

मी पानं उलटत राहिले, आकडे पुढे सरकवत राहिले, म्हणजे पट्टी पेटली तर योग्य जागीच पेटेल. तळहात घामाने भिजले होते. “आ ते ला माला पास्क्वा!” म्हणून सान्तुत्सा किंचाळली. ईस्टरच्याच दिवशी ती त्याला ईस्टर वाईट जावो म्हणून शापते. त्या एका पाटीवर मी दोन दिवस घालवले होते. ती अंधारात गेली.

काचेतून मी डोकी पाहत होते. पहिली काही मिनिटं ती वर जात होती, काळी पट्टी बघून खाली येत होती. मग कमी कमी होत गेली. इंटरमेझ्झो, म्हणजे मधला गाण्याविना संगीताचा तुकडा सुरू झाला, रिकामा चौक, फक्त वाद्यवृंद. तिथे तशीही पाटी नसते. तो संपला तोवर कुणीच वर बघत नव्हतं. इतक्या वर्षांत मी ही डोकी इतका वेळ स्थिर पाहिली नव्हती.

तुरिद्दू आईचा निरोप घेत असताना पट्टी पेटली. पलटणीत जाताना दिला होतास तसा आशीर्वाद दे, असं तो म्हणत होता. काही डोकी वर गेली, बाकीची नाही. 226, 227, 228. मी बोट बटणावर ठेवून होते. तो धावत बाहेर गेला. त्याची म्हातारी आई लुचिया त्याला हाका मारत राहिली. 230 लागली, विझली.

पहिलं ओरडणं डाव्या विंगेच्या खूप मागून आलं. आणि डोकी वळली. वर नाही, डावीकडे. आवाज आला त्या बाजूला, सगळी, गल्लीत कुणी किंचाळलं की आपण वळतो तशी. दुसरं ओरडणं आलं. मी बटण दाबलं नाही.

दिग्दर्शक धावत वर आला, पुन्हा बिघाड झाला असं त्याला वाटलं. मी खरं सांगितलं. तो चिडला, आणि त्याचं चिडणं रास्तच होतं. ठरलेलं मोडायचा मला अधिकार नव्हता. डोक्यांचं सांगितलं तेव्हा तो गप्प झाला, पण पटलं असं काही म्हणाला नाही.

खाली जिन्यात एक वयस्क इंग्रज बाई माझी वाट बघत उभ्या होत्या, दारावरच्या मुलीने त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं. तो मेला हे त्यांना कळलं होतं. ती बाई नक्की काय ओरडली ते त्यांना हवं होतं, शब्दन् शब्द. मी जिन्यात उभ्याउभ्या कोम्पारे म्हणजे काय ते सांगितलं, कानाच्या चाव्यापासून. त्यांनी तो शब्द दोनदा उच्चारून बघितला आणि कार्यक्रमपत्रिकेवर लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी दिग्दर्शकाला एक सुचवलं आणि त्याने ते मानलं. आता 231 पडदा पूर्ण पडल्यावर, शेवटचा सूर विरल्यावर लागते, सुरुवातीच्या त्या सिसिलियन गाण्यासारखीच बंद पडद्यावर. इंग्रजी ओळीत मी कोम्पारे तसाच ठेवला आहे.