घरात एवढे वादक असताना

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाहीतर माझा पहिला एकल अल्बम आल्यापासून या प्रश्नाला मी दर वेळी वेगळं उत्तर देऊन सुटका करून घेत आले आहे. प्रश्न असा : घरात एवढे वादक असताना सगळी वाद्यं तूच का वाजवलीस? नातेवाईक लग्नकार्यात विचारतात, तेव्हा त्याला ‘घरी काही बिनसलंय का’चा वास असतो. शिकायला येणारी मुलं विचारतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे जेकब कॉलियर असतो. तोही वादकांच्याच घरातला. लंडनमधल्या स्वतःच्या खोलीत बसून सगळं एकट्यानं वाजवून त्यानं २०१६ साली पहिला अल्बम काढला.

आधी बिनसण्याचं उरकते. काही बिनसलेलं नाही. आणि जेकब कॉलियर तर मी मुळीच नाही.

आमचं घर साथीदारांचं. आजोबा संगीत नाटकांना ऑर्गन वाजवायचे आणि मैफलीत पेटी. त्यांच्या ऐन उमेदीची वर्षं रेडिओवर पेटीला बंदी होती त्या काळात गेली. ती बंदी १९४० साली आली. पेटीत मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नाही आणि तिचे सूर आपल्या गाण्याचे नव्हेत, हा आक्षेप. १९७१च्या सुमारास ती सैल झाली, पण साथीपुरती. एकल पेटीवादनाला पुढेही बरीच वर्षं दार बंदच होतं. वडील तबल्यावर. काका मुंबईत सिनेमाच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवायचे. चाळीस-पन्नास जणांच्या ताफ्यात मागच्या रांगेत बसून, गोव्याच्या वादकांनी लिहिलेलं नोटेशन समोर ठेवून. त्या काळी रेकॉर्डच्या वेष्टनावर अशा वादकांची नावं यायची नाहीत. कुठल्या गाण्यात आपण आहोत, हे काका रेडिओ लागला की नुसते बोट वर करून सांगायचे.

अशा घरात ‘तुला काय वाजवायचंय’ असं कुणी कुणाला विचारत नाही. काळी किती, म्हणजे गाणाऱ्याचा ‘सा’ पेटीच्या कितव्या काळ्या पट्टीवर, आणि ताल कोणता, एवढंच विचारतात. मी इतकी वाद्यं शिकले त्याचंही कारण हेच. आईच्या गाण्याच्या रियाजाला किंवा शिकवणीला ज्या दिवशी जो नसेल त्याच्या जागी मला बसवायचे. आजोबा झोपले असले तर पेटी, वडील दौऱ्यावर असले तर तबला. व्हायोलिन काकांनी शिकवलं, तेही आईला तानांमागून कुणीतरी हवं होतं म्हणून. लोक याला प्रतिभा म्हणतात. आमच्याकडे त्याला ‘आज कोण नाहीये?’ म्हणायचे.

आता मूळ उत्तर. स्वतःच्या चाली करायला घेतल्या तेव्हा अर्थातच वडिलांना बोलावलं. त्यांनी ठेका धरला आणि माझी चाल त्यांच्या मागे चालायला लागली. त्यांनी एक तुकडा टाकला की मी जागा सोडायची, ते लय किंचित वाढवतील असं वाटलं की मी आधीच वाढवायची. सवयच ती. तिकडे तेही माझ्या तोंडाकडे बघत थांबलेले. दारात उभ्या दोन पाहुण्यांनी ‘तुम्ही आधी, तुम्ही आधी’ करावं तसं आमचं चाललं होतं. ऐकायला छान वाटत होतं, आईला तर फारच आवडलं, पण त्यात माझी चाल कुठे होती? ती ऐकू यायला मला खोलीतून सगळ्यांना बाहेर काढणं भाग होतं. पैशांचाही प्रश्न होता, तो नाही म्हणून कसं चालेल. पण घरचे वादक पैसे घेणार नव्हतेच.

एकटीनं वाजवण्यातली खरी अडचण मात्र कुणी विचारत नाही. ताल आधी रेकॉर्ड करून भरावा म्हणून तबल्याला बसले, तर हात रिकामाच पडायला लागला. साथ करायची कुणाची? मग आधी पेटीवर नुसता लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनाएवढी एकच धून पुन्हा पुन्हा, भरला, त्यावर तबला, त्यावर व्हायोलिन, आणि शेवटी तो लेहरा पुसून टाकला. दुसरी अडचण याहून वाईट. मी समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधी जराशी घाई करते. चार जण वाजवत असतील तर एकाची घाई दुसऱ्याच्या सैलपणात मुरते. इथे चौघंही मीच, त्यामुळे सगळी वाद्यं एकदम एकाच बाजूला कलायची. मग व्हायोलिन भरताना हेडफोनमधून तबला काढून टाकला आणि फक्त क्लिक, म्हणजे लय मोजणारी यंत्राची टकटक, ठेवली. थोडा फरक पडला. क्लिक मला आवडत नाही, पण तिला माझी सवय नाही हा तिचा गुण.

आणि गांधार, म्हणजे ‘ग’! तानपुऱ्याच्या खर्जातून, म्हणजे खालच्या ‘सा’च्या तारेतून, जो गांधार आपोआप उमटतो, त्यापेक्षा पेटीचा गांधार सुमारे १४ सेंटनं, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्यानं चढा असतो. मैफलीत गायकाच्या आवाजात ते खपून जातं, हेडफोनमध्ये ते टोचतं. डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी केली आहे, पण माझ्याकडे आजोबांचीच होती. तिचा गांधार कारागिराकडून घासून उतरवून घेतला. आता ती पेटी काळी एकशिवाय कशालाच चालत नाही. आई अजून त्यावर बोलते. तिचा सूर काळी पाच.

अल्बममध्ये सवाल-जवाब, म्हणजे एका वाद्यानं टाकलेल्या तुकड्याला दुसऱ्यानं दिलेलं उत्तर, कुठेच नाहीत, हे एका जाणकार श्रोत्यानं बरोबर हेरलं. सवाल मीच टाकणार, तर जवाब मला आधीच माहीत. रूपक तालातली तिसरी रचना त्यामुळेच जरा कोरडी झाली आहे, असं माझं मत. कुणी दचकवणारं हवं होतं तिथे. बाकी सगळं डिजिटल वितरकाच्या फॉर्मवर येऊन थांबलं. प्रत्येक वाद्यापुढे वादकाचं नाव भरायचं, आणि मी एकच नाव पुन्हा पुन्हा टाइप करत होते. काकांना तो फॉर्म दाखवला. ते म्हणाले, “मागच्या रांगेतल्यांचीही नावं घेतात होय आता?”

पुढच्या अल्बमात वडील आहेत. चाली पक्क्या झाल्यात, त्यामुळे आता मी त्यांच्या मागे वाहवत जाणार नाही असा माझा समज आहे. त्यांची अट एकच, क्लिक लावायची नाही. मी ती मान्य केली आहे, आणि रेकॉर्डिस्ट तेव्हापासून माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतो.