बेळगाव ते कोल्हापूर : बंदुकीच्या परवान्यासह राज्य बदलताना

बेळगावहून कोल्हापूर साधारण 110 किलोमीटर. काकती, हत्तरगी, संकेश्वर, निपाणी, कोगनोळी, आणि दूधगंगा ओलांडली की कागल. गाडीने दोन-सव्वादोन तासांत माणूस पोचतो. परवान्याला मात्र त्याच वाटेवर कित्येक आठवडे लागतात. बंदूक आधी नेऊ, कागद मागाहून करू म्हणणारा माणूस कोगनोळीच्या नाक्यापलीकडे विनापरवाना शस्त्र बाळगणारा ठरू शकतो. म्हणून क्रम एकच: आधी कागद, मग बंदूक.

निघायच्या बऱ्याच आधी परवान्याचे पुस्तक उघडून क्षेत्राचा रकाना वाचा. तिथे एक जिल्हा, ‘कर्नाटक राज्य’ किंवा ‘संपूर्ण भारत’ यांपैकी काहीतरी लिहिलेले असते. शस्त्र कायदा 1959 चा, केंद्राचा, तेव्हा परवाना देशभर चालतो, असा समज सीमाभागात फार आहे. कायदा देशाचा असला तरी परवान्याची हद्द त्या एका ओळीपुरती. ‘कर्नाटक राज्य’ लिहिलेली बंदूक कागलमध्ये सापडली तर विनापरवाना बाळगल्याचे कलम लागू शकते, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान 2, कमाल 5 वर्षे कैद आहे.

सर्वांत जास्त गुंता होतो तो पीकराखणीच्या ठासणीच्या (तोंडाकडून दारू भरायच्या) बंदुकीचा. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे आणि पलीकडे चंदगड तालुक्यात रानडुकरांपायी अशा बंदुका घरोघरी आहेत. बाचीला घर आणि शिनोळीला शेत, असे कितीतरी लोक आहेत. एका आवाक्यातली दोन गावे, पण मधून राज्याची हद्द जाते. पीकराखणीचा परवाना जमिनीला बांधलेला असतो. तो कर्नाटकातल्या आरटीसी उताऱ्यावर (तिकडचा सातबारा) मिळाला असेल तर महाराष्ट्रातल्या सातबाऱ्यावरच्या शेतात ती बंदूक खांद्यावर टाकून जाता येत नाही. त्या शेतासाठी तिकडच्या कलेक्टर कचेरीत सातबारा जोडून वेगळी मंजुरी मागावी लागते. कर्नाटकातल्या कोडगूच्या लोकांना परवान्यातून सूट आहे, ती आपल्यालाही चालेल असे कोणी सांगितले तर ऐकू नका. ती सूट कोडव समाजाला आणि तिथल्या जम्मा (वंशपरंपरेने चालत आलेल्या) जमिनीच्या धारकांनाच आहे.

मुक्काम बदलला आणि शस्त्र सोबत न्यायचे असेल, तर 30 दिवसांच्या आत दोन्हीकडे लेखी कळवायचे: परवाना देणाऱ्या (किंवा शेवटचे नूतनीकरण करणाऱ्या) कचेरीला आणि नव्या मुक्कामाच्या कचेरीला. बहुतेकांचे चुकते ते इथेच. नव्या ठिकाणी अर्ज देतात, जुन्याला कळवायचे राहून जाते. मग नवी कचेरी खातरजमेचे पत्र पाठवते, जुनीकडे त्याची काही नोंद नसते आणि फाईल पडून राहते. दोन्हीकडचा आवक शिक्का आणि तारीख आपल्या प्रतीवर घ्याच.

कचेरी कोणती, हेही आधी ठरवा. बेळगाव पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहणाऱ्यांचे परवाना प्राधिकारी पोलीस आयुक्त, बाकी तालुक्यांसाठी डीसी ऑफिस, म्हणजे तिकडची जिल्हाधिकारी कचेरी. कोल्हापूरला आयुक्तालय नाही, तिथे जिल्हाधिकारी. पुढे पुण्याला जायचे असेल तर पुणे शहर आणि पिंपरी-चिंचवड ही दोन वेगळी आयुक्तालये आहेत. घर वाकडला आणि अर्ज पुणे शहराकडे, अशी चूक महिना खाते.

क्षेत्र कर्नाटकापुरते असेल तर ते वाढवण्याचा अर्ज जुन्याच कचेरीत करा आणि लेखी आदेश हाती येईपर्यंत बंदूक बेळगावातच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा ठेवा. पावतीवर बंदुकीचा नंबर, बोअर (नळीचे माप) आणि काडतुसांची संख्या आली पाहिजे. नुसते ‘एक बंदूक’ लिहिलेली पावती पुढे कामाची नाही.

मुदतही पाहा. 2019 नंतर परवाना 5 वर्षांचा झाला आहे, आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या 60 दिवस आधी करायचा असतो. सहा महिन्यांहून कमी मुदत उरली असेल तर आमचे मत स्पष्ट आहे: आधी बेळगावातच नूतनीकरण करा, मग बदलीचा अर्ज द्या. दोन फायली एकदम चालू केल्या तर दोन्ही कचेऱ्या एकमेकींकडे बोट दाखवतात आणि मुदत मधेच संपते.

कागदांचे तीन संच करा: परवान्याच्या कोऱ्या पानांसकट सगळ्या पानांच्या झेरॉक्स, बंदूक खरेदीची पावती, काडतुसांच्या पावत्या, आधार, नव्या पत्त्याचा पुरावा. परवान्याचा यूआयएन (परवानाधारकाचा एकमेव ओळख क्रमांक) एनडाल या शस्त्र परवान्यांच्या राष्ट्रीय नोंद प्रणालीत दिसतो का, ते जुन्या कचेरीतच बघून घ्या. एका माणसाला एकच यूआयएन असतो. नवीन राज्यात नवीन क्रमांक काढू नका, जुनाच पुढे चालतो.

नावाचा घोळ जवळजवळ ठरलेलाच. कर्नाटकात बापाचे नाव आद्याक्षरापुरते, महाराष्ट्रात पूर्ण. कन्नडवरून इंग्रजीत येताना स्पेलिंग बदलते. जुन्या परवान्यावर बेळगावचे 2014 आधीचे इंग्रजी स्पेलिंग, आधारवर नवे. नावात फरक असेल तर आधीच प्रतिज्ञापत्र करून ठेवा. कन्नड शेरा असलेल्या पत्राची इंग्रजी प्रत तिथल्या तिथे मागा. कोल्हापूरच्या टेबलावर कन्नड वाचणारा मिळेलच असे नाही.

नवी कचेरी बंदूक समोर आणायला सांगू शकते, आणि तिथे नंबर जुळला पाहिजे. जुन्या बंदुकीच्या नळीच्या बुडाशी ठोकलेला नंबर तेल आणि गंजाच्या थराखाली जातो, 3 चा 8 दिसतो, 1 दिसतच नाही. आदल्या दिवशी केरोसीनच्या फडक्याने हलक्या हाताने पुसा आणि उजेडात परवान्याशी ताडून बघा. घासू नका, कानस लावू नका, पुन्हा ठोकून तर मुळीच घेऊ नका. ओळखखुणांना हात लावणे हाच वेगळा गुन्हा आहे. नंबर खरेच वाचता येत नसेल तर तसे जुन्या कचेरीला लेखी कळवा.

रस्त्यावर बंदूक रिकामी, कव्हरमध्ये, काडतुसे वेगळ्या पिशवीत, आणि मूळ परवाना व आदेश हाताशी. गाडीच्या डिकीत सामानाखाली दडवल्यासारखी ठेवू नका, नाक्यावर आपणहून सांगा. निवडणुका दोन्हीकडे वेगवेगळ्या वेळी येतात: कर्नाटक विधानसभा 10 मे 2023 ला होती, महाराष्ट्र 20 नोव्हेंबर 2024 ला. म्हणून पलीकडची आचारसंहिताही पाहायची. त्या काळात शस्त्र जमा करण्याचे आदेश निघतात, तेव्हा हलवाहलव नको. 1 नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सव, सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिवस) आसपास आणि बेळगावच्या हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत बंदोबस्त कडक असतो, कधी एसटी सीमेवरच थांबते. कचेरीच्या तारखा त्या आठवड्यांत घेऊ नका.

नोंद झाली की पुस्तक पिशवीत टाकण्याआधी टेबलावरच वाचा: नवा पत्ता, क्षेत्र, बंदुकीचा नंबर, काडतुसांचा आकडा, मुदतीची तारीख. चूक तिथेच दाखवली तर त्याच टेबलावर सुटते. त्या नोंदीची एक झेरॉक्स बेळगावच्या कचेरीत नेऊन द्या आणि तिच्यावरही आवक शिक्का घ्या.